वाफेच्या जुन्या प्रतिकृती-इंजिनांची झिलई परत आणावी का?

धागाकर्ता
शंभर वर्षांहून जुन्या, टेबलावर चालवायच्या इंजिनाला पुन्हा चकाकी आणू नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्याकडच्या जर्मन इंजिनाच्या पितळी बॉयलरला कारखान्यातच काळपट निळी छटा दिलेली होती. आधीच्या मालकांनी ती काजळी समजून घासून काढली. आता बॉयलर लख्ख पिवळा दिसतो. मात्र धुराड्याच्या पट्टीखाली, जिथे फडके पोचले नाही, तिथे बोटभर निळाई शिल्लक आहे. ती दिसली की जीव हळहळतो, कारण रसायन लावून उद्या तशीच छटा आणली, तरी ती मूळ कारागिराची नसेल.

प्रतिसाद 1
आपली हळहळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. आपण सांगितले ते अज्ञानाचे उदाहरण आहे, झिलईचे नव्हे. ही इंजिने दुकानात झळाळत होती. त्यांच्यावरची तपकिरी पुटे आणि हिरवा कळंक कारागिराने दिलेला नाही. पितळेवरचे जुने लाखेचे रोगण जागोजागी उडाले, की उघड्या पडलेल्या ठिकाणी धातू काळवंडतो आणि बोटांचे ठसेसुद्धा कायमचे उमटतात. असे रोगण स्पिरिटने विरघळवून काढावे, धातू स्वच्छ करून नवे रोगण द्यावे. हे नवे रोगण पुढच्या माणसाला पुन्हा काढताही येते. कळंक तसाच ठेवणे याला मी जतन म्हणणार नाही.

प्रतिसाद 2
रोगणाबद्दल मी प्रतिसाद 1 शी सहमत आहे, परंतु 'धातू स्वच्छ करून' या तीन शब्दांत सगळा धोका दडलेला आहे. पितळ चमकवायच्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो. हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात, त्याचे कारण हेच होते: तबेल्यांतून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळेत उरलेला ताण. आपल्या बॉयलरचा पत्राही बहुधा तसाच घडवलेला असतो आणि त्यावर वाफेचा दाब येतो. इंजिन चालवायचे असेल, तर असली द्रावणे बॉयलरपासून दूरच ठेवावीत.

पोलादी बॉयलरची निळाई तापवून परत आणण्याचा विचारही कोणी करू नये. पोलाद निळे व्हायला सुमारे 300 अंश सेल्सिअस तापमान लागते, तर शिसे-कथलाचा डाख 183 अंशांपासूनच वितळू लागतो. रंग येण्याआधी सांधे सुटतील. निकेलचा मुलामा तर काही मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे चमक आली म्हणून आनंदाने घासत राहिलो, तर कडांवर पितळ डोकावू लागते.

प्रतिसाद 1
अमोनियाचा मुद्दा मान्य, तो मी आधीच लिहायला हवा होता. तरीही कळंक काढलाच पाहिजे, कारण ओल धरून ठेवणाऱ्या त्या थराखाली पत्रा खाल्ला जातो. लाकडी काडीने आणि पॅराफिन तेलाने तो हळूहळू सुटतो, सँडपेपर नको.

धागाकर्ता
'काहीच करू नये' हा माझा आग्रह त्या कळंकापुरता मी सोडतो. झडपेच्या बुडाशी असलेला हिरवा थर काडीने काढेन आणि इंजिन चालवायचे नसल्याने वर मेणाचा पातळ हात देईन. धुराड्याची पट्टी मात्र सोडवणार नाही.