मदत हवी आहे: फाउस्तिनाचं देनारियस अस्सल चांदीचं की मुलाम्याचं?

रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या राणीचं, थोरल्या फाउस्तिनाचं, तिच्या मृत्यूनंतरचं (इ.स. 140 नंतर) देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं आहे. पुढे डोक्यावर वेण्यांचा अंबाडा आणि 'दिवा फाउस्तिना' (देवत्व पावलेली फाउस्तिना). मागे 'पिएतास ऑग': डोक्यावरून पदर घेतलेली पिएतास (धर्मनिष्ठेची रोमन देवी) वेदीवर धूप टाकतेय, डाव्या हातात धूपाची डबी. व्यास 17 मिमी, वजन 2.61 ग्रॅम. म्हणजे कमीच, या काळात 3.2 च्या आसपास अपेक्षित असतं. झीज मात्र फारशी नाही.

काठावर एका ठिकाणी तांबूस ठिपका आणि त्याभोवती हिरवट डाग आहे. दोऱ्याने पाण्यात लटकवून मोजलं तर वजनात 0.28 ग्रॅम घट, म्हणजे घनता साधारण 9.3. चांगल्या चांदीला 10 च्या वर हवी. पण काटा 0.01 ग्रॅमचा, घट 0.27 धरली तर 9.7 आणि 0.29 धरली तर 9.0 येते. एवढ्या छोट्या नाण्याला हा काटा पुरत नाही. दोऱ्याला बुडबुडा चिकटला तरी आकडा खाली जातो.

तर विचारायचं असं: तांब्याच्या गाभ्याचं, वर चांदी चढवलेलं प्राचीन नकली नाणं म्हणावं का? की मिश्रधातूतलंच तांबं जमिनीत गंजून बाहेर आलंय? एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारी तपासणी) वरचाच थर वाचतं, त्यामुळे मुलामाही चांदीच दिसेल. काठ घासायचा नाहीये (कृपया तो सल्ला नको). 0.001 ग्रॅमच्या काट्याशिवाय खात्रीची दुसरी खूण कोणती? भिंगातून मुलाम्याचा फोड आणि साधी गंज वेगळी कशी ओळखता?