मरीन बिग ब्लॉक ४५४ ची नव्याने बांधणी: ४९६, ५०९ की ५४०?

दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. फ्लोरिडात टॅम्पा बेच्या खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या २६ फुटी बोटीचं शेवरले बिग ब्लॉक इंजिन खोललंय. मार्क फोर ब्लॉक, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४.०० इंच, म्हणजे आठ सिलिंडर मिळून ४५४ घनइंच, सुमारे ३६५ अश्वशक्ती. मागे ब्राव्हो वन ड्राइव्ह (इंजिनची ताकद पंख्याला देणारा गिअरचा भाग), गिअर १.५:१, पंखा २३ पिचचा (न घसरता एका फेरीत तो जितके इंच पुढे सरकेल तेवढा पिच). पूर्ण थ्रॉटलला ४८०० आरपीएम, ताशी ६१ मैल. ब्लॉक आजवर थेट समुद्राच्या पाण्यावरच थंड होत आलाय.

हवेत ५०० अश्वशक्ती, तीही मरिनाच्या ८९ ऑक्टेन पेट्रोलवर. ब्लोअर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावायचा नाही. समोर तीन पर्याय आहेत:

क) हाच ब्लॉक ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून ४.३१० बोअर, ४.२५ स्ट्रोक = ४९६
ख) नवा ब्लॉक, ४.५०० बोअर, जुनाच ४.०० चा क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा दांडा) = ५०९
ग) नवा ब्लॉक, ४.५०० बोअर, ४.२५ स्ट्रोक = ५४०

रेसिंगवाले म्हणतात की बोअर वाढवा, स्ट्रोक आखूड ठेवा आणि आरपीएम चढवा. बोटीलाही हे लागू पडतं का?

पिस्टन

नाही. बोटीत हिशेब पंख्यापासून मागे येतो. आधी पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम ठरवा, त्यावरून टॉर्क काढा, मग घनइंच आणि सगळ्यात शेवटी कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा).

आरपीएम ५२०० धरा. ५०० × ५२५२ ÷ ५२०० = ५०५ पाउंड-फूट (५२५२ हा अश्वशक्ती आणि टॉर्क जोडणारा ठरलेला आकडा). एवढा टॉर्क कमाल टॉर्कच्या जागी नाही, ५२०० वर शिल्लक राहायला हवा. आता घनइंचांनी भागा:

४५४ : १.११ पाउंड-फूट प्रति घनइंच
४९६ : १.०२
५०९ : ०.९९
५४० : ०.९४

निवड इथेच होते. ५२०० वर १.११ काढायचे तर कॅमचा ड्युरेशन (व्हॉल्व उघडा राहण्याचा काळ) लांबवावा लागतो आणि ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व एकाच वेळी उघडे राहणं) वाढतो. गाडीत त्याने फार तर आयडल खडबडीत होईल. बोटीचा एक्झॉस्ट ओला असतो, रायझरच्या (एक्झॉस्टचा वर चढणारा भाग) पुढे त्यात पाणी मिसळतं. आयडलला ओव्हरलॅपच्या वेळी गॅस उलट खेचला जातो, त्यासोबत पाण्याचे थेंब एक्झॉस्ट व्हॉल्ववर आणि सिलिंडरमध्ये येतात. खाऱ्या पाण्यात व्हॉल्व सीट आणि रिंगा गंजून इंजिन एका मोसमात संपतं. म्हणून कॅम सौम्य, लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) ११२ ते ११४ अंश, आणि उरलेली ताकद घनइंचांतून. तोच कॅम ४५४ पेक्षा ५४० मध्ये मवाळ वागतो, कारण मोठ्या सिलिंडरला तेवढीच व्हॉल्व-उघडीप कमी पडते.

दुसरी गोष्ट पिस्टनच्या सरासरी वेगाची. ५२०० आरपीएमला ४.०० स्ट्रोकवर १७.६ मीटर प्रति सेकंद, ४.२५ वर १८.७, ४.५० वर १९.८. ड्रॅगची गाडी याहून कितीतरी वर जाते, पण काही सेकंदांसाठी. बोट सतत चढणीवर असते, थ्रॉटल सोडल्याशिवाय भार उतरतच नाही. १५-२० मिनिटं सलग पूर्ण भार धरायचा असेल तर १९ च्या आत राहणं मला रास्त वाटतं. म्हणजे ४.२५ ला ५२०० चालेल. ४.०० वर ५५०० ला गेलात तरी वेग जवळपास तोच, १८.६. पण रॉडबोल्टवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो आणि व्हॉल्व स्प्रिंगचं आयुष्य घटतं, ते वेगळंच.

माझं मत: ग. क तेव्हाच, जेव्हा ब्लॉक तपासणीत पास होईल.

लेथवाला

तपासणीचंच बोलतो, कारण क मध्ये सगळी गोम तिथे आहे. बोअरिंगचे पैसे देण्याआधी अल्ट्रासॉनिक जाडीमापन करून घ्या. प्रत्येक सिलिंडर, वर-मध्ये-खाली, चारही बाजूंनी. खारं पाणी वॉटर जॅकेट आतून खातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ४.३१० ला बोअर केल्यावर थ्रस्टच्या बाजूला (जिथे पिस्टन भिंतीवर रेटला जातो) किमान २०० थाऊ भिंत उरायला हवी. त्यापेक्षा पातळ भिंत भाराखाली वाकते, रिंगेची सील सुटते, तेल जळू लागतं, मग तडा जातो आणि तेलात पाणी. खाऱ्या पाण्यावर एवढी वर्षं काढलेल्या ब्लॉकला ६० थाऊ वाढवणं मला धोक्याचं वाटतं. ३० थाऊवर भागलं तर ४.२८० × ४.२५ = ४८९ घनइंच. ४९६ पेक्षा फक्त ७ ने कमी. त्या सातासाठी भिंत घालवू नका.

४.२५ चा क्रँक मार्क फोरमध्ये बसवताना:

रॉड ६.३८५ इंची घ्या. ९.८०० डेकमध्ये (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची) पिस्टनची कॉम्प्रेशन हाइट (पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत) १.२७० येते, पिस्टन डेकच्या २० थाऊ खाली राहतो. मूळ ६.१३५ चा रॉड ठेवला तर रॉड-स्ट्रोक गुणोत्तर १.४४ वर येतं आणि पिस्टन भिंतीवर जास्त रेटला जातो. ६.५३५ ने गुणोत्तर सुधारतं, पण कॉम्प्रेशन हाइट १.१२० उरते, ऑइल रिंग पिनच्या भोकावर येऊ शकते आणि आधाराची पट्टी घालावी लागते. सतत भाराच्या इंजिनात हे टाळावं.

रॉडबोल्ट खाली ऑइल पॅनच्या कडेला घासतो का ते पाहा. क्रँक हाताने फिरवून आठही जागी किमान ६० थाऊ मोकळीक मिळेपर्यंत ब्लॉक घासा, पण बेतानं. त्याच बाजूने मुख्य तेलवाहिनी जाते.

रिंगांचा गॅप गाडीपेक्षा मोठा. वरच्या रिंगेला बोअरच्या प्रत्येक इंचामागे ५ थाऊ, म्हणजे ४.३१० ला सुमारे २१ ते २२. कमी ठेवला तर पूर्ण भारावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा रिंगेवरचा कडा तुटतो. फोर्ज्ड पिस्टनची मोकळीकही उत्पादकाच्या रस्त्याच्या आकड्यापेक्षा थाऊ-दीड थाऊ जास्त. पिस्टन तापून फुगतो, पण बाहेरच्या पाण्याने सिलिंडर थंडच असतो.

कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असताना आणि वर असताना सिलिंडरमध्ये उरणाऱ्या जागेचं गुणोत्तर) तोंडी ठरवू नका. ४९६ चा एक सिलिंडर १०१६ सीसी. ११९ सीसीचं हेड, ३९ थाऊचं गॅस्केट (सुमारे ९.६ सीसी), डेकखालचे २० थाऊ (४.८ सीसी) आणि सपाट पिस्टनचे व्हॉल्व खड्डे ३ सीसी. एकूण १३६.४, म्हणजे ८.४५:१. डेक २० थाऊ घासून पिस्टन काठाबरोबर आणला की ८.७२, आणि क्वेंच (पिस्टन आणि हेड यांच्यातली फट) ५९ वरून ३९ थाऊवर येतं. ८९ ऑक्टेनवर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) रोखायला याचा उपयोग मोठा. हेड गॅस्केट मरीनच घ्या. साध्या पोलादी गॅस्केटला खारं पाणी खातं.

दर्यावर्दी

खूप आभार. म्हणजे ख गळाला? ४.०० चा क्रँक चांगला निघालाय म्हणून मोह होतो. आणि नवा ब्लॉक घ्यायचाच तर ४.५० स्ट्रोक करून ५७२ का नको?

नाखवा

ख वाईट नाही. ४.५०० च्या बोअरमध्ये २.१९ इंची इनटेक व्हॉल्व भिंतीपासून दूर राहतो, हवा मोकळी जाते, आणि क्रँकचे पैसे वाचतात. फक्त ३५०० च्या क्रूझला आणि बोट पाण्यावर उचलताना ५४० चा टॉर्क जाणवेल. नव्या ब्लॉकवर खर्च करताच आहात तर ग घ्या.

४.५० स्ट्रोक मात्र ९.८०० डेकमध्ये कोंबू नका. ६.३८५ च्या रॉडबरोबर कॉम्प्रेशन हाइट आणखी पाव इंचाच्या निम्मी घटते. त्यासाठी १०.२०० चा उंच डेक लागतो. मग इनटेक मॅनिफोल्ड वेगळा आणि इंजिनही रुंद होतं. इंजिनखोलीत एक्झॉस्ट बसेल का ते आधी मोजा.

५७२ ला माझी खरी हरकत ड्राइव्हमुळे आहे. ब्राव्होचे गिअर टॉर्कने तुटतात, विशेषतः लाटेवरून पंखा हवेत येऊन परत पाण्यात आदळतो तेव्हा. ५४० सौम्य कॅमवरही ६०० पाउंड-फूटच्या आसपास जातं. साधा ब्राव्हो वन तिथे टिकेल असं धरू नका. एक्सआर प्रकारचा मजबूत ड्राइव्ह किंवा अप्पर गिअर बजेटमध्ये आत्ताच धरा. ते जमत नसेल तर ४८९ करा आणि ४५० अश्वशक्तीवर समाधान माना.

पंखा: वेग साधारण ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ६१ चे ७१-७२ मैल. ५२०० × २५ ÷ (१.५ × १०५६) = ८२ (१०५६ ने भागलं की मिनिटाच्या इंचांचे ताशी मैल होतात), त्यातून १२ टक्के घसर वजा करा, ७२. म्हणून २५ पिच. एक इंच पिचला १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. ५२०० गाठता येत नसेल तर पिच उतरवा. ४६०० वर अडकलेलं इंजिन भाराखाली नॉक करतं.

बॅलन्सिंगकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ४५४ बाहेरून बॅलन्स केलेलं असतं, वजन डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं थरथर शोषणारं चाक) आणि फ्लायव्हीलवर. ४.२५ चे बरेच क्रँक आतून बॅलन्स केलेले मिळतात. त्यावर जुना डॅम्पर आणि जुना फ्लायव्हील लावले तर थरथरीने कपलर (इंजिन आणि ड्राइव्ह जोडणारा भाग) आणि मेन बेअरिंग जातात. डॅम्पर, फ्लायव्हील, क्रँक, रॉड, पिस्टन सगळं एकत्र मशीन शॉपला द्या.

आणि नव्या ब्लॉकला समुद्राचं पाणी दाखवूच नका. हीट एक्स्चेंजर लावून बंद कूलिंग करा. एक्झॉस्ट व्हॉल्व इन्कोनेलचे (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू), ऑइल पॅन निदान ८ क्वार्टचं, सोबत ऑइल कूलर. स्टार्टर आणि अल्टरनेटर मरीनचेच, ठिणगी बाहेर न पडणारे. गाडीचे लावले तर बंद इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ पेट घेते.

लेथवाला

नाखवांच्या हिशेबाला एक जोड: ५४० चा सिलिंडर ११०८ सीसीचा. त्याच ११९ च्या हेडवर, काठाबरोबरच्या सपाट पिस्टनने कॉम्प्रेशन ९.३ च्या पुढे जातं. ८९ ऑक्टेनला हे जरा जास्तच. ६ ते ८ सीसीचा वाडगा असलेला पिस्टन मागवा, ते ९ च्या आसपास येईल. पिस्टनची ऑर्डर हेडचे चेंबर ब्युरेटने (द्रव मोजायची खुणांची नळी) मोजल्यावरच द्या. कॅटलॉगमधल्या आकड्यात आणि प्रत्यक्षात दोन-तीन सीसी इकडेतिकडे असतात.