मदत हवी आहे: ऑक्टोबरमध्ये सातपुड्यातलं अस्तंबा शिखर, माथ्यावरच्या हवेचा अंदाज कसा बांधायचा?

दिवाळीतल्या यात्रेची गर्दी टाळून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तळोद्याकडून अस्तंबा करायचा आहे. सहा जण, त्यात दोघे नवखे. गावातला वाटाड्या घेणारच, त्यामुळे रस्ता नको, हवेचं सांगा.

विंडी या हवामान अ‍ॅपवरचं युरोपियन मॉडेल साधारण ९ किमीच्या चौकोनाची सरासरी उंची धरतं, त्यात सातपुड्याचा माथा पार चेपला जातो. तळोद्यात लख्ख ऊन असलं तरी वर ढग बसलेला असू शकतो. परतीच्या पावसाचे ढग बहुतेक दुपारनंतर गडगडतात, म्हणून पहाटे ४ ला निघायचं आणि ११ वाजता असू तिथून मागे फिरायचं, असं ठरवलंय. वाटेचा जीपीएस ट्रॅक ऑफलाइन घेतलाय, ३० मीटर दोरही आहे. पण ओल्या गवतावर नवखे उतरताना घसरतात आणि नेमका तिथेच वेळ जातो. घाई करून उपयोग नाही.

विजा सुरू झाल्या तर झाडाखाली किंवा उथळ कपारीत थांबणार नाही. कपारीच्या तोंडाशी वीज उडी मारते.

तर, त्या दिवसांत शेवटच्या चढावरचं धुकं साधारण किती वाजता विरतं? आणि वीज सुरू झालीच तर माथ्यापासून किती खाली उतरल्यावर डोंगरधारेवरून बाजूला होता येतं?