अनुभव धागा : रानात वाढलेले मूल उपनगरात आले तेव्हा

वनखाते, धरणप्रकल्प, दुर्गम भागातील दवाखाने आणि आश्रमशाळा यांत नोकरी करणाऱ्यांची मुले जंगलालगत वाढतात आणि पालकांची बदली झाली, की एकदम उपनगरातील सदनिकेत येतात. शाळाप्रवेशाबद्दल सल्ला पुष्कळ मिळतो. मुलाच्या मनाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आपल्या मुलांना काय जड गेले आणि काय उपयोगी पडले, ते कृपया तपशिलाने लिहावे. सुरुवात मी करते.

सेमाडोह ते डोंबिवली
मेळघाटात, सिपना नदीच्या काठी आमचा मुलगा वाढला. डोंबिवलीत त्याला गर्दीपेक्षा रात्र जड गेली. जंगलात प्रत्येक आवाजाला अर्थ होता : वानर खाकरले म्हणजे वाघ किंवा बिबट्या जवळ आहे, रातवा पक्षी बोलू लागला म्हणजे अंधार पडला. येथे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि पहाटेची लोकल यांच्या आवाजांतून त्याला काहीच उमगत नसे, म्हणून तो टक्क जागा राही. मग आम्ही एकेक आवाज कोठून येतो, ते त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवले, आणि पंपघर पाहिल्यावर त्या आवाजाने दचकणे थांबले. तेथल्या कोरकू आदिवासी मित्रांची आठवण मात्र कोणत्याही उपायाने शमली नाही. ती शमावी असे मला वाटतही नाही.

भामरागड ते हडपसर
पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने गावाचा संपर्क तुटला तरी निश्चिंत असणारी आमची मुलगी येथे रस्ता ओलांडताना थिजून जाई. संकुलातील झाडावर चढल्याबद्दल तिला बोलणी बसली, तेव्हा मी समितीला लेखी विनंती करून एका आंब्यापुरती परवानगी मिळवली. आता तेथे इतर मुलेही चढतात.

दाजीपूर ते बोरिवली
संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळ असूनही मुलगा तेथे यायला नाखूश होता, कारण दाजीपूरसारखे तेथे गवे नाहीत. कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर त्याला कारवी दिसली. गावाकडे कुडाच्या भिंतींना वापरतात तीच ही, हे त्याने स्वतः ओळखले. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, हे त्याने वर्गात सांगितल्यापासून दोन वर्गमित्रही आमच्याबरोबर येतात.