छर्रे वाढवले म्हणून पल्ला वाढत नाही

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात गोळीऐवजी बारीक छर्रे भरून साप मारण्याबद्दल "छर्रे थोडे जास्त भरले की वीस फुटांवरूनही साप टिपता येतो" असं कुणी म्हणतं. ते मला पटत नाही, उलट धोक्याचं वाटतं. अडचण छर्ऱ्यांच्या संख्येत नाही, नळीत आहे. रिव्हॉल्व्हरच्या नळीत वळणदार खाचा असतात. गोळीला स्थिर ठेवणारी तीच फिरकी छर्ऱ्यांना बाहेर पडताच चहूकडे भिरकावते, आणि बरेचदा मधोमधच मोकळी जागा राहते. थॉम्पसन सेंटर या बंदूक कंपनीने आपल्या काँटेंडर पिस्तुलासाठी सरळ खाचांचा चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचा तुकडा) काढला, तो ही फिरकी थांबवायलाच. ९ नंबरचा छर्रा जेमतेम २ मिलिमीटरचा. दोन-तीन मीटरपलीकडे मारा इतका विरळ होतो की साप नुसता जखमी होतो.

शिवाय छर्ऱ्यांचं वजन वाढलं की दाबही वाढतो. काडतुसं भरण्याच्या माहितीपुस्तकात दिलेल्या आकड्यांपुढे कृपा करून जाऊ नका. काडतुसाचं तोंड नीट आवळलं नसेल तर धक्क्याने शेजारच्या काडतुसातली छर्ऱ्यांची कुपी (छर्रे ठेवलेली छोटी डबी) पुढे सरकते आणि काडतुसं धरणारा फिरता सिलिंडर अडकतो.

खरं तर वीस फुटांवरच्या सापापासून मागे सरणंच सोपं; तेवढ्या लांबून तो डसू शकत नाही. मारलाच, तर तुटलेल्या डोक्याला हात लावू नका. ते नंतरही बराच वेळ चावू शकतं.