मदत हवी आहे: आईचं दूध पिऊनही पिल्लांना जंत कसे?

धांदरट: लगेच सांगा. कुत्रीचं सगळं वेळेवर केलंय. आज तांबड्या पिल्लाने ओकारी काढली, त्यात शेवईसारखं पांढरं काहीतरी वळवळत होतं! पोट टमटमीत. चिकातून रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडीज मिळतात ना? मग हे काय?

शेपूट: वय? आणि 'सगळं' म्हणजे नक्की काय केलंत?

बटवा: लसणाची पाकळी ठेचून द्या. आमचा दहा वर्षं खातोय.

तिरपी_मान: अजिबात देऊ नका! लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

बटवा: दहा वर्षं. परत वाचा.

भुंकेश: आईच्या अँटिबॉडीज अंगात असल्या की पार्व्होची (जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या रोगाची) लस लागू पडत नाही. म्हणून 16 आठवड्यांपर्यंत डोस चालू ठेवायचे.

शेपूट: लसीचं कोणी विचारलंय?

धांदरट: 26 दिवसांची आहेत. आईला गाभण राहण्याआधी जंताची गोळी दिली होती.

शेपूट: तिथेच गोम आहे. गोळीने आतड्यातले जंत मरतात. टॉक्सोकाराच्या, म्हणजे याच शेवईसारख्या जंताच्या, अळ्या आईच्या मांसात दडून असतात, त्यांना काही होत नाही. गाभणपणाच्या साधारण 42व्या दिवसापासून त्या जाग्या होतात आणि वारेतून, म्हणजे पोटात असतानाच, पिल्लांत शिरतात. पुढे दुधातूनही जातात. अँटिबॉडीज मात्र वारेतून जेमतेम 5-10 टक्के मिळतात. बाकी सगळ्या चिकातून, त्याही पहिल्या 24 तासांत. मग आतडं त्या शोषत नाही. म्हणजे अळ्या आधीच घरात! आणि अँटिबॉडीजचा एवढा धाक असता तर खुद्द आईच्या अंगात अळ्या टिकल्या असत्या का?

तिरपी_मान: म्हणून तर पिल्लं 2 आठवड्यांची झाली की औषध सुरू करतात, मग दर पंधरवड्याला. तुम्हाला उशीर झालाय. वजन किती? डोस वजनावर असतो. आईलाही सोबतच द्यायचं.

धांदरट: वजन नाही केलं. हां, एक राहिलं. काळं पिल्लू जन्मापासून बाटलीवर आहे, आईच्या दुधाचा थेंब नाही घेतला. पोट त्याचंही फुगलंय.

शेपूट: अहो, हे आधी सांगायचं! दूधच नाही, म्हणजे त्याला जंत वारेतूनच आले. आणि चीकही मिळालेला नाही, तेव्हा बाकीच्यांपेक्षा ते जास्त नाजूक. डॉक्टरांना पहिलं हेच सांगा. आजच जा.

बटवा: लसूण नको तर निदान ओवा?

तिरपी_मान: 🙏

धांदरट: निघालोय. चौघं एका टोपलीत राहत नाहीयेत. वजन तिथेच करतील ना?