मदत हवी आहे: नोकरी गेल्यापासून दादा खचला आहे, डॉक्टरकडे यायला तयार नाही (नागपूर)

माझा मोठा भाऊ ४३ वर्षांचा. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १४ वर्षं होता, शेवटी शेवटी शिफ्ट सुपरवायझर. दिवाळीनंतर कंपनीने त्याच्या विभागातलं काम बंद केलं. काढून टाकलं असं कागदावर कुठेच नाही; एका संध्याकाळी बोलावून काही जणांकडून राजीनामे लिहून घेतले. घरी येऊन त्याने एवढंच सांगितलं, "उद्यापासून बस पकडायची नाही."

संक्रांतीपर्यंत तो धडपडत होता. हिंगण्याला, कळमेश्वरला, मिहानमध्ये ओळखीपाळखीने बायोडेटा देऊन आला. कुठे वय आड आलं, कुठे निम्म्याहून कमी पगारावर कंत्राटी काम देऊ म्हणाले. एका ठिकाणी मुलाखत घेणारा त्याच्याच हाताखाली शिकून गेलेला मुलगा निघाला. त्या दिवशी घरी आल्यावर दादाने फाइल कपाटावर टाकली, ती आजपर्यंत खाली आलेली नाही.

आता रात्री दोन-अडीचपर्यंत जागा असतो. पहाटे कुठे डोळा लागतो, तर कंपन्यांच्या बसेस चौकात थांबायच्या वेळेला परत उठून बसतो. दाढी वाढली आहे, आंघोळीला चारदा म्हणावं लागतं, ताटात अर्धी पोळी तशीच राहते. बेल वाजली की आतल्या खोलीत. मित्रांचे फोन घेत नाही. भाची आठवीत आहे, तिचं गणित नेहमी तोच घ्यायचा. परवा तिने वही आणली तर पहिल्याच उदाहरणावर अडकला आणि वही मिटून तिच्या हातात दिली. "आईला विचार बेटा, माझं डोकं चालत नाही." ज्या माणसाला महिन्याभराचे प्रॉडक्शनचे आकडे तोंडपाठ असायचे, तो हे म्हणतो आहे.

होळी झाली की कूलर काढणं हे आमच्याकडे त्याचंच काम. गच्चीवरून खाली आणायचा, ताट्यांमधलं जुनं गवत काढून नवीन भरायचा, टाकीला आतून रंग मारायचा, पंपाची जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचा. मग पंप सुरू करून तिन्ही ताट्यांवरून पाणी सारखं उतरतंय की नाही ते बघत उभा राहायचा. कुठे कोरडा पट्टा दिसला की नळीचं भोक टाचणीने मोकळं करायचा. यंदा ऊन ४२ वर गेलं तरी त्याने विषयच काढला नाही. मुलीची परीक्षा तोंडावर, म्हणून वहिनीने माणूस बोलावून कूलर बसवून घेतला. ती तरी काय करणार होती? त्या रात्री दादा कूलरच्या खोलीत झोपायला आला नाही. समोरच्या खोलीत घामाने भिजत पंख्याखाली पडून राहिला. वहिनी उठवायला गेली तर म्हणाला, "माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही. मी नसलो तर तुमचं बरंच होईल."

या वाक्यामुळे मी हे लिहिते आहे.

घरात जो तो आपापल्या परीने झटतो आहे. आई टेकडीच्या गणपतीला नवस बोलली आहे. वहिनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे, तिच्या पगारावर घराचा हप्ता आणि किराणा कसाबसा निघतो. काकाजी येतात आणि तासभर सांगतात, "रिकामा बसून राहिला म्हणून डोकं फिरून राहिलं. तर्री पोह्याची गाडी लाव, लोक लाखो कमावून राहिले." ते गेले की दादा दोन दिवस कोणाशी बोलत नाही. मी मनीषनगरला, ते नंदनवनला. ऑफिस सुटल्यावर जमेल तेव्हा जाते, शेजारी बसते. तो टीव्हीकडे बघत असतो, पण लक्ष तिकडे नसतं.

मानसोपचार तज्ज्ञांचं नाव काढलं की म्हणतो, "एकदाचं पागलखाना चौकात नेऊन सोडा मला, म्हणजे सुटाल." (प्रादेशिक मनोरुग्णालय तिथेच आहे.) एकदा शांतपणे बोलला तेव्हा खरी भीती कळली. उद्या कुठे नोकरी लागायची झाली आणि त्यांना हे कळलं तर?

त्याला डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं? तो असं बोलतो तेव्हा समोरच्याने काय म्हणायचं? आणि घरातली कोणती कामं त्याच्याकडे ठेवायची, कोणती काढून घ्यायची? काढून घेतली तर "माझी गरज नाही" म्हणतो, ठेवली तर होत नाहीत आणि त्याला अजून लागतं. नागपुरात सरकारी ठिकाणी चांगली सोय कुठे आहे तेही सांगा. महागडं आता झेपणार नाही.

प्रतिसाद: वैनगंगा

ताई, मी मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून काम केलं आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर नंतर येते, आधी त्या वाक्याबद्दल.

"मी नसलो तर बरं" हे रागात बोललेलं आहे असं धरून चालू नका. आजच त्याला एकट्याला गाठून स्पष्ट विचारा, "दादा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो ही भीती लोकांना वाटते, पण तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर दचकू नका, रडू नका, मुलीची शपथ घालू नका. कसं करायचं ते ठरवलंय का, कधी, हे विचारा. काही ठरवलं असेल, किंवा तो निरवानिरवीचं बोलत असेल, कागदपत्रं वहिनींच्या हवाली करत असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि थेट मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, कॅज्युअल्टीत न्या. ती २४ तास सुरू असते. घरातल्या आईच्या गोळ्या, फवारणीची औषधं वगैरे आजपासून कुलपात.

१४४१६ हा टेली मानसचा नंबर लिहून ठेवा. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्री-बेरात्रीही लागते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरचे लोकही फोन करून सल्ला घेऊ शकतात. तुम्ही स्वतः आधी करा.

आता डॉक्टर. फसवून नेऊ नका, एकदा विश्वास गेला की पुढची सगळी दारं बंद होतात. पण झोप लागत नाही, भूक नाही, डोकं चालत नाही, या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या त्याच्या स्वतःच्या तोंडच्या आहेत. त्यांच्यासाठी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे चला म्हणा. थायरॉइड, बी-१२, साखर, बीपी हे तपासायला हवंच, कारण त्यांच्यामुळेही असा थकवा येतो. डॉक्टरांना आधी फोनवर सगळं सांगून ठेवा. मानसोपचार तज्ज्ञांकडे जायच्या चिठ्ठीचं ते बोलले की अनेकदा माणूस ऐकतो, बहिणीचं नाही ऐकत.

मेडिकल, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. त्याला त्या चौकाचीच धास्ती असेल तर तिकडे न्यायची गरजच नाही. मेडिकलच्या गर्दीत कोण कोणत्या खोलीत जातो याकडे कोणी बघत नाही. पण एक सांगते, प्रादेशिक मनोरुग्णालयातही रोज ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन घरी जाणारी माणसं असतात. ओपीडीत पाय ठेवला म्हणून कोणी आत ठेवून घेत नाही.

नोकरीच्या भीतीवर त्याला कायदाच सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कोणत्याही कंपनीला फोन करून ती मिळत नाही.

गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या दिवसांत मळमळ, पोट बिघडणं होऊ शकतं आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "बंद कर, सवय लागेल." बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात.

आणि कामांचं. अख्खं काम देऊ नका, अख्खं काढूनही घेऊ नका. कूलर बसला, ठीक. संध्याकाळी टाकीत पाणी भरायचं तेवढं त्याचं. त्या दिवशी नाही झालं तर दुसऱ्याने मुकाट्याने भरावं, त्यावर चर्चा नको. झालं तर टाळ्याही नकोत, मोठ्या माणसाला ते फार लागतं. मुलीचं गणित सध्या राहू द्या. एकाग्रता जाणं हा या आजाराचाच भाग आहे, तिथे रोज हरण्यात त्याचं भलं नाही.

प्रतिसाद: ऑरेंज सिटी

सकाळी अंबाझरीला फिरायला न्या, योग-प्राणायाम सुरू करा. सकारात्मक विचार केला की अर्धा आजार पळतो. गोळ्यांच्या नादी लागू नका.

प्रतिसाद: काटोल रोड

वरच्या भाऊंना राग येऊ नये, पण गोळ्यांच्या नादी लागू नका हे असं कोणाला सांगू नका. मी स्वतः यातून गेलो आहे. माझं दुकान बुडालं तेव्हा मला पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जायला ताकद लावावी लागत होती. विहिरीच्या तळाशी पडलेल्याला काठावरून "पोहून ये" म्हणण्यासारखं आहे ते. फिरणं चांगलंच आहे, मी आजही फिरतो. पण फिरायला उठण्याइतका जीव मला गोळ्यांनी दिला.

ताई, तुम्ही विचारलं काय बोलायचं. माझा मेव्हणा रोज संध्याकाळी यायचा. नोकरी, धंदा, तब्येत काही विचारायचा नाही. "चाल भाऊ, गाडीत पेट्रोल टाकून येऊ." बस. पंपावर जाऊन परत. कधी मी नाही म्हणायचो, तर "बरं, उद्या" म्हणून चहा पिऊन जायचा. नाराजी नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवशी हजर. त्या काळात मला त्याची गाडी वाजली की बरं वाटायचं.

तुमच्या काकाजींना मात्र कोणीतरी बाजूला घेऊन सांगा. पोह्याची गाडी वाईट नाही जी, पण आज त्याला नुसतं उठून बसणंही जड जाऊन राहिलं.

प्रतिसाद: हिशेबनीस

पैशाकडूनही थोडा आधार उभा करता येईल. राजीनामा लिहून घेतला तरी ५ वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली आहे, म्हणजे ग्रॅच्युइटी त्याच्या हक्काची आहे. हिशेब असा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं, भागिले २६. ही रक्कम २०,००० धरली तर १४ वर्षांचे साधारण १ लाख ६१ हजार होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायला हवी, उशीर झाला तर व्याजासकट. मिळाली नसेल तर कंपनीला लेखी अर्ज करा, पोच घ्या, दाद देत नसतील तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. ही धावपळ वहिनींनी किंवा तुम्ही करा, त्याची फक्त सही घ्या. पण पैसे आले की त्याच्याच खात्यात येऊ द्या.

घराच्या हप्त्यासाठी बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का विचारा. थकल्यावर गेलं की बोलणी अवघड होतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं सांगायचं आहे.

वैनगंगा ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्याला गच्चीवर नेऊन विचारलं. माझा आवाज कापत होता, पण विचारलं. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "विचार येतो. करायचं असं काही ठरवलेलं नाही. मुलगी दिसते समोर." नंतर बोलतच राहिला. मुलाखतीच्या त्या दिवसाचं, राजीनाम्यावर सही करताना हात कसा थरथरला त्याचं, कारखान्याच्या गेटवर ओळखपत्र काढून घेतलं त्याचं. एवढं सगळं त्याने वहिनीलाही सांगितलं नव्हतं. मी मध्ये बोलले नाही. त्याच्यासमोरच १४४१६ लावला, स्पीकरवर. आधी मी बोलले, मग त्याने फोन हातात घेतला.

फॅमिली डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बी-१२ बरंच कमी निघालं. त्यांनी चिठ्ठी दिली आणि तो वहिनीसोबत मेडिकलच्या ओपीडीत जाऊन आला. गोळ्या सुरू झाल्या आहेत. पोटात मळमळतं म्हणतो, पण घेतो आहे. गोळ्यांचा डबा वहिनीकडे असतो. ग्रॅच्युइटीचा अर्ज मी तयार केला, त्याने वाचला आणि रुजू झाल्याची तारीख चुकली होती ती स्वतः दुरुस्त करून दिली. बाकी झोप अजून तशीच आहे, बोलणं कमीच.

आता नवीन अडचण. अक्षय्य तृतीयेला काकाजींकडे लग्न आहे. सगळं गणगोत जमणार, जो तो विचारणार, "सध्या कुठे?" आई म्हणते यायलाच हवं, नाहीतर लोक काय म्हणतील. वहिनी म्हणते मुलीला घेऊन ती घरीच थांबेल. काय करावं?

प्रतिसाद: काटोल रोड

त्याने ओपीडी गाठली हे वाचून फार बरं वाटलं.

लग्नाचं त्यालाच विचारा आणि जे म्हणेल ते धरा. नाही म्हणाला तर एकटा ठेवू नका, वहिनी थांबतात म्हणतात ते बरोबर आहे. त्यांचा आहेर आईंच्या हातून जाऊ द्या. हो म्हणाला तर अक्षता पडायच्या वेळेला पोहोचा, जेवणाच्या गर्दीआधी निघता येईल अशी आपली गाडी ठेवा आणि कोणीतरी एक जण पूर्ण वेळ त्याच्या बाजूला. "सध्या कुठे?" याचं उत्तर घरूनच ठरवून जा. "बुटीबोरीचं सोडलं, थोडी विश्रांती घेऊन राहिलो" एवढं पुरतं. आणि काकाजींना तुम्ही आधी भेटून या. वहिनींवर टाकू नका, सुनेने चुलत सासऱ्यांशी हे बोलणं अवघड असतं, पुतणीचं ते ऐकून घेतील.